आई आधी हसते

दुपारी दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी आई त्याच्यानंतर हसली.

मंगळवार होता. तो सोफ्यावर बसला होता, पाय टीपॉयवर, आणि शेजारच्या उशीवर फोन उताणा ठेवलेला, स्पीकर चालू. समोर टीव्हीवर मालिकेतले सासरे आरामखुर्चीत बसून पेपर वाचत होते आणि पेपर उलटा होता. मालिकेत तीन दिवस सासूसासऱ्यांचा अबोला चालला होता. त्यामुळे कुणी काही बोलत नव्हतं, मागे संगीतही नव्हतं, कॅमेरा नुसता सरकत सरकत उलट्या मथळ्यापर्यंत गेला. तो हसला. मग फोनमधून आई हसली, जरा जपून, एखाद्या घरी उशिरा पोचलेला पाहुणा आधी सगळ्यांच्या तोंडाकडे बघून हसतो तशी. "केवढ्यांदा हसतोस," ती म्हणाली. "अगं, पेपर बघ ना. उलटा धरलाय." तेव्हा ती दुसऱ्यांदा हसली, आणि हे हसू नेहमीचं होतं, शेवटी खोकल्यात जाणारं. "उलटा! आणि वाचतोय म्हणे. रागाच्या भरात माणसाला काही सुधरत नाही." पुढे धाकटी सून चहा घेऊन आली, बोलणं सुरू झालं, आणि आई पुन्हा त्याच्या चार सेकंद पुढे गेली.

हे चार सेकंद त्याने मोजलेले होते. सहा वर्षांपूर्वी गॅलरीत टीव्हीची छत्री, म्हणजे डिश, बसवली तेव्हा छत्रीवाले काका, म्हणजे या शहरातल्या सगळ्या आपल्या लोकांच्या गॅलऱ्यांत ज्यांनी छत्र्या बसवल्या ते गृहस्थ, हातात होकायंत्र घेऊन कठड्यावर ओणवले होते आणि समोरच्या छपरांकडे बोट दाखवून म्हणाले होते, "आपलं घर तिकडे. त्या दोन धुराड्यांच्या मधून, जरा वर." तिथे नुसतं करडं आभाळ होतं. पण त्यांनी पाना आवळला आणि आत बायको ओरडली, आलं, आलं. दुसऱ्याच दिवशी आईला फोन लावून त्याने तीच मालिका लावली आणि त्याला दिसलं की आई आधी हसते. त्याला वाटलं फोनची गडबड. काकांनी समजावलं: "ते तिथून वर जातं, वरून खाली येतं, उतरल्यावर परत दुसरीकडे वर जातं, परत खाली. दमून येतं बिचारं. चार सेकंद तर लागणारच." त्याने हातातल्या घड्याळावर पाहिलं, चार भरले. तेव्हापासून हा क्रम ठरून गेला. तिथे सात वाजले की इथे अडीच. पहाटेची पाळी संपवून तो दोनपर्यंत घरी येई, हात धुई, वंगणाचा वास तरी राहीच, आणि फोन लावी. प्रत्येक वाक्य त्याला दोनदा ऐकू येई, आधी आईच्या खोलीतून फोनवाटे बारीक, मग समोरून मोठ्याने. जणू पडसाद पहिला आणि हाक नंतर. आई मधेच म्हणे, "आता बघ हं," आणि तो बघे. तिला आधी कळलेलं असे. लहानपणीही असंच होतं, त्यामुळे त्यात त्याला वावगं काही वाटलं नाही. उलट बरं वाटे. हजारो मैलांवर आपल्या पुढे चार पावलं कुणीतरी चालतंय आणि मागे वळून सांगतंय, इथे खड्डा आहे, इथून नीट ये.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याच्या धंद्यात चार सेकंद म्हणजे काही कमी नाही. लिफ्टचं दार साधारण चार सेकंद उघडं राहतं, तेवढ्यात माणूस आत येतो किंवा बाहेर राहतो. म्हाताऱ्यांच्या इमारतीत ते सातवर करून ठेवावं लागतं, आणि तरुण भाडेकरू तक्रार करतात की दार झोपा काढतं. मंगळवारी उरलेला दिवस तो या चार सेकंदांपाशीच घुटमळत राहिला. आईला लागली असेल एखादी डुलकी. गेली असेल स्वयंपाकघरात. पण मग पहिलं हसू कशाला? ज्याला दिसलं नाही तो विचारतो, काय झालं रे. ती विचारत नाही. आणि मग एकेक गोष्ट, आपण न बोलावता, पुढे येऊन बसायला लागली. वर्षभरात तिचं पत्र नव्हतं. हात थरथरतो म्हणाली होती. बायकोने नव्या सोफ्याचे फोटो पाठवले होते, त्यावर ती "छान आहे" एवढंच म्हणाली. जी बाई लग्नाच्या अल्बममधल्या तिसऱ्या रांगेतल्या माणसाच्या बटणाचा रंग सांगते, ती सोफ्याबद्दल छान आहे म्हणाली. आणि हे तर रोजचंच: "तुझा टीव्ही मोठा आहे बाबा, तुला नीट दिसतं. सांग, कसं तोंड केलंय तिने?" तो सांगे. भुवई उचललीय. चिठ्ठी पदराखाली लपवलीय. मागे दारात नणंद उभी आहे, हिला माहीत नाही. आई म्हणे, "हो ना, तेच." आपण रोज पंचवीस मिनिटं म्हाताऱ्या आईला सोबत करतो, असं तो आजवर धरून चालला होता. सोबत कशाला लागली होती, हे त्याने पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी बायको कामावरून आली. ती एका शाळेच्या कचेरीत आहे. दिवसभर मुलांच्या गैरहजेरीची कारणं ऐकते, त्यामुळे कुठलंही कारण तिला पहिल्या वाक्यात कळतं. त्याने सांगितलं. तिने बूट काढता काढता ऐकलं. "मग विचार ना सरळ."

"विचारलं तर ती सांगेल."

"मग?"

"मग कळेल ना."

तिने दुसरा बूट काढून पहिल्याशेजारी नीट लावला. "आणि गुरुवारचं सांगितलंस?" तेही सांगितलं नव्हतं. इमारतीच्या बाहेरच्या भिंतींचं काम निघालं होतं, परांच्या चौथ्या मजल्यापर्यंत चढल्या होत्या, आणि जिन्याच्या फळ्यावर महिन्यापूर्वीच नोटीस लागली होती: सर्व छत्र्या काढून घ्याव्यात, काम झाल्यावर पुन्हा लावता येणार नाहीत. त्यांच्या पाचव्या मजल्याची पाळी गुरुवारी. महिनाभर त्याचं त्यावर ठरलेलं उत्तर होतं: काही बिघडत नाही, आई बघेल आणि आपल्याला सांगेल, आपण ऐकू. आता ते उत्तर फिरून त्याच्याच अंगावर आलं. "कॉम्प्युटरवर टाकतात म्हणे दुसऱ्या दिवशी," बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी काय करायचंय, तो म्हणाला, जरा जोरातच. मग उठून त्याने तिचे नीट लावलेले बूट उगाच पुन्हा नीट लावले.

बुधवारी त्याने जे केलं ते त्याला पुढे कुणाला सांगता आलं नाही. अडीच वाजता नेहमीप्रमाणे फोन लावला. "जेवलास का?" "जेवलो." "काय?" "भात." "नुसता?" "आई, सुरू झालं." अबोला चौथ्या दिवसात होता. सासूबाई आतल्या खोलीत कपाट आवरत होत्या, सासरे दाराशी येत होते, काहीतरी म्हणावं की नाही या विचारात उभे राहत होते, परत जात होते. सगळं मुक्याने. तो आईच्या श्वासाकडे कान लावून बसला होता. लिफ्ट वर जाताना कुठे घासते हे ऐकायला असाच बसतो, डोळे मिटून. मग त्याने डोळे उघडले. सासूबाईंच्या अंगावर पिवळी साडी होती, गडद पिवळी, हळदीसारखी. "हिरवी साडी काढलीय आज यांनी," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला अगदी सहज वाटला, याचंच नंतर त्याला सगळ्यात वाईट वाटलं. आई लगेच म्हणाली, "खुलतो तिला हिरवा. गोरी आहे ना." आणि थोड्या वेळाने, "का रे, सुनेसाठी बघून ठेवतोयस की काय? घे मग, विचार कसला करतोस, हिरव्याला कोण नाही म्हणतं." ती हसत होती. तोही हसला. मालिका संपेपर्यंत त्याला ती साडी हिरवीच ठेवावी लागली. एकदा तर सासरे धाकट्या सुनेला म्हणाले, हा पिवळा रंग मला पहिल्यापासून आवडतो, आणि ते वाक्य आधी आईच्या खोलीतून बारीक आवाजात त्याच्यापर्यंत आलं. चार सेकंद त्याला माहीत होतं की आता हेच समोरूनही येणार आहे, आणि करण्यासारखं काही नव्हतं. आईने ते वाक्य जाऊ दिलं. सासऱ्यांच्या दुसऱ्या वाक्यावर तिने नेहमीचं "हं" केलं. तिने ऐकलं नसेल असं होणार नाही. कान तिचे शाबूत होते. म्हणजे आपल्या मुलाने आपल्याला तपासून पाहिलं, हे तिला कळलं होतं, आणि तिने ते त्या 'हं'मध्ये घालून बाजूला ठेवलं होतं, जसं पाहुण्यांसमोर मुलगा काही वेडंवाकडं बोलला की ती ठेवायची.

फोन ठेवल्यावर तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. छत्री दोन धुराड्यांच्या मधे बघत होती. नऊ वर्षांचा असताना त्याच्या डोळ्यांत चुना गेला होता. भिंत रंगवायला आणलेला, त्याने काठीने ढवळला, उडाला. बारा दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. घर तेव्हा एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, खिडकीखाली गल्ली. आई कामं उरकून खिडकीत बसायची आणि तो कॉटवरून विचारायचा, काय चाललंय गं. ती सांगायची. आता दूधवाला आला, त्याच्या सायकलची साखळी पडली, तो शिव्या देतोय पण मनात. आता समोरच्या आजोबांनी धोतर वाळत घातलं. आता कुत्रं आलं, धोतराकडे बघतंय. एका दुपारी तिने सांगितलं, आता हत्ती चाललाय. हत्ती? हो, खरा. माहुताच्या सदऱ्याची बाही फाटलीय. हत्तीने सोंड वर केली, आपल्या खिडकीपर्यंत आली, गेली बघ. त्याला सोंडेचा वारासुद्धा लागला होता. पट्टी सुटल्यावर शाळेत त्याने आमच्या गल्लीत हत्ती आला होता म्हणून सांगितलं आणि वर्ग हसला, कारण गल्लीतली आणखी तीन मुलं त्याच वर्गात होती. घरी येऊन तो आईशी चार दिवस बोलला नाही. त्याच्या आयुष्यातला पहिला अबोला. पाचव्या दिवशी ताट वाढताना ती म्हणाली, "तू सारखा विचारत होतास काय चाललंय, आणि दुपारी तीन वाजता गल्लीत काही म्हणता काही चालत नव्हतं. मग मी काय सांगायचं?" ते त्याला तेव्हा अजिबात पटलं नव्हतं. आज पंचेचाळिसाव्या वर्षी, पाचव्या मजल्याच्या कठड्यावर कोपर टेकून, त्याला वाटलं की बारा दिवस ती खिडकीत बसली होती त्यात हत्ती एकदाच आला. बाकी सगळं खरं होतं.

गुरुवारी सकाळी सात वाजता एका दवाखान्याच्या इमारतीत, वरच्या यंत्रखोलीत, त्याने समोरच्या बाईंना फोन लावला. आईच्या दारासमोर त्यांचं दार. निवृत्त शिक्षिका, आवाज अजून वर्गातला. "आईचा टीव्ही चालतो का हो नीट?" असं त्याने विचारलं, कारण दुसरं काही विचारायला सुचलं नाही. "टीव्ही? ठणठणीत आहे. मीच बसते की कधी कधी." मग बाई थांबल्या. "तुम्हाला कुणी काही सांगितलं का?" नाही, तो म्हणाला. "मग मीही काही सांगत नाही. त्यांनी मला बजावलंय. पण तुम्ही विचाराल तेवढ्याला उत्तर द्यायचं नाही असं काही मी कबूल केलेलं नाही." यंत्राचं चाक फिरलं, दोर सरकले, खाली कुठेतरी कुणीतरी दुसऱ्या मजल्यावर निघालं. शेवटी त्याने विचारलं, "गॅस कसा पेटवते?" बाई म्हणाल्या, "दोरा बांधलाय. प्रत्येक बटणाला एक गाठ, उजवीकडे आली की बंद. मी म्हटलं हे काय, तर म्हणाल्या बटणं सैल झालीत. जिना उतरताना पायऱ्या मोजतात. मी म्हटलं, तर म्हणाल्या व्यायाम. डॉक्टरकडे चला म्हणते तर मुलगा येणार आहे तेव्हा जाऊ. तुम्ही येणार आहात का?" तो येत्या डिसेंबरमध्ये जाणार होता. आता मार्च होता. "एका डोळ्याचं की दोन्ही?" "ते त्यांनाच विचारा हो. मी शेजारीण आहे." आणि मग अगदी वेगळ्या, घरातल्या आवाजात: "त्यांना वाटतं तुम्हाला कळलं तर तुम्ही त्यांना तिकडे घेऊन जाल. तिकडे मला एकही जिना माहीत नाही, म्हणतात."

तो खाली आला. मुकादमाला म्हणाला, उद्यापासून रजा मिळेल का, किती दिवस ते माहीत नाही. मुकादम म्हणाला, मंगळवारपर्यंत सांगतो. मग त्याने तळमजल्यावरच्या लिफ्टचं दार तपासलं, चार सेकंद होतं, सातवर केलं.

पाळी अर्ध्यात सोडून तो घरी आला, आणि बारा वाजता छत्रीवाले काका आले. या आठवड्यात त्यांनी अकरा छत्र्या उतरवल्या होत्या. "बसवायला पोरं होती मदतीला. काढायला मी एकटा," ते म्हणाले. परांच्या कठड्याला येऊन भिडल्या होत्या. एक गवंडी पलीकडून त्यांच्याकडे कुतूहलाने बघत होता. सहा वर्षांत बोल्ट गंजले होते. काकांनी तेल सोडलं, थांबले, पाना लावला. "आईला सांगितलंत?"

"नाही अजून."

"सांगा. नाहीतर लोक घाबरतात. माझ्या मेव्हण्याने सांगितलं नाही तर त्यांच्या मातोश्रींना वाटलं हा फोनवर मुद्दाम बोलत नाही, सुनेने कान भरलेत. महिनाभर धुसफूस." बोल्ट सुटला. छत्री दोघांनी धरून आत आणली, सोफ्याला टेकवून ठेवली. खोलीत ती बाहेरच्यापेक्षा बरीच मोठी दिसली. तिच्या खोलगट पोटात थोडी धूळ आणि एक पीस होतं. जाताना काका म्हणाले, "फेकू नका. दिशा तीच आहे, फक्त जागा गेली."

अडीच वाजता त्याने टीव्ही लावला. निळा पडदा, त्यावर एक ओळ, सिग्नल नाही. त्याने टीव्ही बंद केला. फोन उशीवर ठेवून लावला. "जेवलास का?" आईने विचारलं. "जेवलो." "आज तुझ्याकडचा आवाज येत नाहीये." "बारीक केलाय." "बरं केलंस. दोन दोन आवाजांनी डोकं उठतं." आणि तिच्या खोलीतून शीर्षकगीत सुरू झालं, बारीक, फोनमधून गाळून आलेलं. तो अंधाऱ्या काचेकडे बघत बसला. काचेत तो होता, मागे सोफा, सोफ्याला टेकलेली छत्री. धाकटी सून कुणालातरी रागवत होती. शेजारीण येऊन काहीतरी खोचक बोलून गेली, आणि आई हसली, आणि तोही हसला, तिच्याबरोबर, त्याच क्षणी. सहा वर्षांत पहिल्यांदा. फोनमध्ये आईचं हसू अर्ध्यावर थांबलं.

"आज लवकर हसलास," ती म्हणाली.

"हं," तो म्हणाला. तिच्याच 'हं'सारखा.

मालिकेतली शेजारीण गेली असावी, कारण दार लागलं. मग पावलं. मग पावलंही थांबली, आणि तिथे, साडेचार तास पुढे, संध्याकाळच्या त्या खोलीत, आणि इथे या खोलीत, एकदम काहीच ऐकू येईना. अबोल्याचा पाचवा दिवस. सासूसासरे समोरासमोर असतील, नसतील. कुणी कुणाच्या हातात काही देत असेल. दोन्ही घरांत ते पाहणारं कुणी नव्हतं. परांचीवर गवंड्याने काहीतरी घासल्याचा आवाज आला आणि बंद झाला. त्याला बटणांचे दोरे दिसले, उजवीकडे वळलेल्या गाठी. विचार ना सरळ, बायको म्हणाली होती. तो तोंड उघडणार होता. त्याआधी आईने विचारलं. इतक्या महिन्यांत तिने असं सरळ कधीच विचारलं नव्हतं. तुझा टीव्ही मोठा, असं काही पुढे न लावता, साधं, खालच्या आवाजात, कॉटवरून विचारावं तसं.

"काय चाललंय रे?"

त्याने काचेकडे पाहिलं.

"हत्ती चाललाय," तो म्हणाला.

दोन वाजून एक्कावन्न मिनिटं झाली होती. फोन चालू होता, आईचा श्वास ऐकू येत होता. ती अजून हसली नव्हती.